सैल जीभ

२ फेब्रुवारी

ही डायरी मी विकत घेतलेली नाही. हार्डवेअरच्या दुकानदारानं नव्या वर्षाची म्हणून फुकट दिली, वर पान्याचं चित्र. महिनाभर फळीवर पडून होती. काल हिनं, म्हणजे माझ्या बायकोनं, ती माझ्यापुढे आपटली. "राग आला की यात लिहा. तोंडानं बोलू नका. तुमची बडबड ऐकून शेजारच्यांचं मांजरसुद्धा घर सोडून गेलंय."

मांजर माझ्यामुळे गेलेलं नाही. त्याचं आधीपासूनच मन नव्हतं.

तर लिहितो. पोरगी काल कामावरून आली, हात धुतले, जेवायला बसली आणि दोन घास झाल्यावर म्हणाली, "बाबा, आज हूक आपोआप उघडला." चपलेचा अंगठा तुटला असं सांगावं तसं! पोरगी दोरावर लटकून उंच इमारतींच्या बाहेरच्या भिंती रंगवते, काचा धुते. तिच्या कमरेच्या पट्ट्याला जो स्प्रिंगचा हूक असतो तो माझ्या कारखान्यातला. तो उघडला. दुसरा दोर बांधलेला होता म्हणून आज ती जेवते आहे. मी ताट सारलं आणि उठलो. मग जे काही बोललो त्याच्यावरून ही डायरी आली.

हूक उघडतो कसा ते लिहून ठेवतो, म्हणजे डोकं जरा थंड होईल. आकड्याचं तोंड बंद करायला एक पट्टी असते, तिला आम्ही जीभ म्हणतो. मागे स्प्रिंग. अंगठ्यानं जीभ आत दाबली की तोंड उघडतं, सोडली की खट् करून बंद. पण पट्ट्याची कडी आडवी फिरून बाहेरून जिभेवर आली आणि ताण पडला, की अंगठ्याचं काम कडीच करते. जीभ आत, कडी बाहेर, माणूस खाली. हे सगळ्या धंद्याला ठाऊक आहे आणि सगळा धंदा "चालतंय की" म्हणून बसलाय. चालतंय की! हा शब्द ज्यानं काढला त्याला आधी दोरावर लटकवला पाहिजे.

५ फेब्रुवारी

उपाय सापडला. जिभेला पहारेकरी. हुकाच्या पाठीवर एक खटका बसवायचा. तळव्यानं खटका दाबून धरल्याशिवाय जीभ हलणारच नाही, कडीनं कितीही डोकं आपटलं तरी. असे हूक बाजारात आहेत, नाही असं नाही. पण ते उघडायला दोन हात आणि तीन शिव्या लागतात. पोरीचा एक हात कायम दोरावर असतो. माझा हूक एका हातानं, हातमोजा घालून उघडला पाहिजे. आणि मनात नसेल तर सात जन्म उघडता कामा नये.

घुम्याला चित्र काढून दाखवलं. घुम्या माझा फिटर. कारखान्यात माणसं दोनच, मी आणि तो, आणि बोलणारा एकच. त्यानं चित्र उलटं धरलं, सुलटं धरलं आणि म्हणाला, "होईल." घुम्याचं हे भाषण म्हणायचं.

११ फेब्रुवारी

पहिला नमुना तयार झाला आणि डोकं सटकलं. खटका दाबला तर हा कडक! जीभ त्याहून कडक. अंगठ्याला घाम फुटला. स्प्रिंगवाल्याला फोन लावला.

"काका, तार तीच आहे," तो म्हणाला. "तुम्हाला वर्षानुवर्षं देतोय तीच. तेवढेच वेढे."

"मग माझा अंगठा खोटं बोलतोय का?"

"तसं नाही काका..."

"तसं नाही तर कसं?" मी म्हणालो. चोराच्या उलट्या बोंबा! माझ्या कारखान्यातून गेलेला एकेक हूक या अंगठ्याखालून गेलाय. जीभ दाबायची, अंगठ्याला कळतं, सैल, कडक की बरोबर. लोकांकडे मोजायची यंत्रं असतात, माझ्याकडे हा आहे. ही चिडवते, "तुम्ही खरे अंगठेबहाद्दर." अंगठेबहाद्दर म्हणजे सही न येणारा अडाणी, हे तिला चांगलं माहीत आहे.

स्प्रिंगवाल्यानं हलकी तार घुसडायची सोडून जाड तार घुसडली असणार. यंत्र नीट चालवता येत नाही, वर मलाच विचारतो, काका, तेल टाकून बघितलं का! नाचता येईना, अंगण वाकडं.

आणखी एक. किल्ल्यांचा जुना हूक पार गंजलाय. दारात उभा राहून झटापट करतोय आणि तो काही उघडेना. हिला म्हटलं, तेल टाक त्याच्यावर. ती म्हणाली, "मला तर उघडतोय." हिला सगळंच उघडतं.

१२ फेब्रुवारी

धोब्यानं शर्टाला इतकी खळ घातलीय की काजातून गुंडी जाईना. सांगून ठेवलं पाहिजे.

१६ फेब्रुवारी

स्प्रिंगवाल्यानं पातळ तार पाठवली. तरी कडकच. मी खटक्याची खाच कानशीनं थोडी घासली, जीभ जिथं टेकते तो टोकाचा भाग घासला. आता जरा बरं. घुम्या शेजारी उभा राहून बघत होता. त्यानं नमुना उचलला आणि एका बोटानं उघडला. एका बोटानं! म्हटलं, तुझे हात म्हणजे पक्कड, तुझ्यावरून माप घेऊन चालायचं नाही. आपण माणसांसाठी हूक करतोय.

तो माझ्या हाताकडे बघत राहिला, जसं काही हाताला ग्रीस लागलंय. मीही बघितलं. काही लागलेलं नव्हतं.

सकाळी उठल्यावर बोटांना मुंग्या येतात. उशी बदलायला सांगितलीय. उशी काय, विटेसारखी झालीय.

२० फेब्रुवारी

आज पोरगी कारखान्यात आली होती. तिला नमुना दिला. तिनं बघता बघता उघडला, मिटला, उघडला. मला म्हणाली, "बाबा, झकास! एका हातानं होतंय." मी खूश झालो, खोटं कशाला लिहू. पण मी स्वतः दाबून बघितला तर अजून अंगठा थरथरतो. आणि पोरगी दिवसभर दोर ओढून दमलेली असते, तिला तर अजून सोपं पाहिजे. अजून पातळ तार मागवली. स्प्रिंगवाला फोनवर म्हणाला, "काका, याच्याखाली गेलं तर ती पेनातली स्प्रिंग होईल."

म्हटलं, तू दे. ज्ञान नको, स्प्रिंग दे.

२५ फेब्रुवारी

आजचा दिवस लिहिताना हात कापतोय, रागानं. पेनही भिकार आहे, निसटतंय.

नव्या तारेचे हूक जुळवले. आता कसं! खटका लोण्यासारखा, जीभ हळूच मागे. माझ्या अंगठ्यानं सांगितलं, बरोबर. मी म्हटलं, पास. आणि घुम्यानं तोंड उघडलं. त्या "होईल"नंतर पहिल्यांदा.

"मालक, फार सैल आहे."

"काय?"

"जीभ. खटका पण. एक ताणकाटा आणू. जिभेला अडकवायचा, ओढायचा, किती जोर लागतो ते आकड्यात दिसतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझा अंगठा असताना काटा! याच अंगठ्यानं याला काम शिकवलं. मी म्हटलं, "तुझा माझ्यावर भरोसा नसेल तर घरी जा." अजून बरंच म्हटलं. त्याच्या मुकेपणावरून म्हटलं, त्याच्या खानदानावरून म्हटलं. त्यानं हात पुसले, डबा उचलला आणि गेला. खरंच गेला! मला वाटलं होतं, दारापर्यंत जाईल.

घरी सांगितलं तर ही माझी बाजू घेईल की नाही? ती म्हणाली, "हुकाची जीभ सैल आहे की नाही ते मला कळत नाही. तुमची मात्र सुटलीय."

१ मार्च

घुम्या आला नाही. त्याच्यावाचून अडलेलं नाही. मी एकट्यानं चार नमुने पुरे केले. रिव्हेट ठोकताना हातोडी दोनदा सटकली, दांडा गुळगुळीत झालाय. बदलायला हवा.

पोरगी न्यायला आली. एक तिचा, तीन तिच्या जोडीदारांचे. तिनं जीभ दाबली, सोडली, परत दाबली.

"बाबा, मागच्या वेळेपेक्षा सैल नाही वाटत?"

"पास कुणी केलाय?"

"तुम्ही."

"मग?"

तिनं पिशवीत टाकले. ती अशीच आहे. जगातली प्रत्येक गाठ स्वतः ओढून बघेल, दोराचा एकेक पीळ तपासेल, मुकादमानं बांधलेलं सोडून परत बांधेल. फक्त माझ्या अंगठ्याखालून गेलेली वस्तू ती परत तपासत नाही. बाप आहे शेवटी. माझ्या त्या मक्ख फिटरनं हे बघायला हवं होतं.

४ मार्च

कप फुटला. बशी निसरडी होती. ही म्हणाली, "एकदा डॉक्टरला हात दाखवा." म्हटलं, हात दाखवून अवलक्षण कशाला? हसली नाही. अलीकडे ती हसतच नाही, नुसती माझ्या ताटाकडे बघते. चमचा कसा धरावा हेही आता मी हिला विचारायचं का?

७ मार्च

हे सावकाश लिहायला हवं.

पोरगी भरदुपारी घरी आली. मी जेवायला आलो होतो. तिच्या कोपरापासून मनगटापर्यंत कातडी सोललेली. तिनं पिशवी टेबलावर उलटी केली. चारही हूक खाली पडले.

"उघडला," ती म्हणाली.

"कोणता?"

"माझा. कठड्यावरून खाली उतरत होते. पाठ कठड्याला घासली, तर खटका दबला. तेवढ्यात कडी जिभेवर आली. दोन्ही एकदम. बाबा, त्यात स्प्रिंग होती तरी कुठे? दुसऱ्या दोरावर लटकले, भिंतीवर आपटले."

खाली आल्यावर तिनं आधी जोडीदारांचे हूक काढून घेतले होते आणि मग घरी आली होती. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला काहीच ऐकू येत नव्हतं. मी ओरडलो. "नीट लावला नसशील! घाई! तुम्हा पोरांना सगळ्याची घाई! एवढा साधा खटका—" आणि असंच. तिच्या हातातून रक्त येत होतं आणि मी ओरडत होतो.

"उचलली जीभ लावली टाळ्याला!" ही म्हणाली. इतकी मोठ्यानं की मी थांबलो. इतक्या वर्षांत तिचा आवाज असा चढलेला मी ऐकला नव्हता.

पोरगी उठली. दारामागच्या खिळ्यावरून तिनं किल्ल्या काढल्या. त्यातून किल्ल्या सोडवून नुसता तो जुना हूक माझ्यापुढे ठेवला.

"हा उघडा."

"गंजलाय तो."

"आईनं तेल टाकलंय. तुमच्यासमोर टाकलं. उघडा."

तो हूक मी तिच्या दप्तरासाठी केला होता. ती पहिलीत होती. दप्तराचं बक्कल तिला लागायचं नाही, रडायची, म्हणून सगळ्यात हलकी स्प्रिंग घालून केला. तिच्या इवल्या अंगठ्यावर बेतून. पहिल्या दिवशी शाळेतून आल्यावर दारातच सांगत होती, बाबा, मी एकटीनं उघडला!

मी अंगठा ठेवला. दाबला. अंगठा पांढरा पडला. जीभ जागची हलली नाही. परत दाबला. ही बघत होती, पोरगी बघत होती. मी डावा हात लावला तेव्हा कुठे तो उघडला, एकदम, काहीच नसल्यासारखा.

"चहा टाक," मी म्हणालो.

कुणीच चहा टाकला नाही. पोरीनं माझा उजवा हात ओढून टेबलावर उताणा ठेवला आणि शेजारी डावा ठेवला. डाव्या अंगठ्याखाली मांसाचा उंचवटा आहे. उजव्याखाली खड्डा. कधीपासून आहे, देव जाणे. रोज या हातानं जेवतो मी, रोज धुतो.

काज. किल्ल्या. पेन. हातोडी. कप. स्प्रिंगवाला. घुम्या. उशीसुद्धा!

"अंगण सरळच होतं हो," ही हळूच म्हणाली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. मला इतका राग आला, इतका, की कुणावर काढू तेच कळेना. शेवटी मी पोरीची जखम धुतली. कापसाचा बोळा दोनदा खाली पडला. तिनं तो उचलून परत माझ्या हातात दिला.

८ मार्च

चारही हूक ऐरणीवर ठेवले आणि डाव्या हातानं घणानं ठेचले. नेम चुकत होता. चुकला तितका जास्त वेळ ठेचले.

मग घुम्याच्या घरी गेलो. दार त्यानंच उघडलं. मी वाटभर बोलायचं पाठ करत गेलो होतो. प्रत्यक्षात तोंडातून निघालं, "तुझी काय खोड आहे रे? जेव्हा बोलायला हवं तेव्हा एकदाच बोलतोस! दहादा बोलायला काय जातं तुझं? माझ्या पोरीचा जीव जात होता!"

तो दारात तसाच उभा.

"बोललो होतो," तो म्हणाला.

"हो," मी म्हणालो. "बोलला होतास. आणि मी तुला काय काय बोललो. ते सगळं माझं मी परत घेतो."

त्यानं विचारलं, "पोरगी?"

"कोपर सोललंय."

"उद्या येतो," तो म्हणाला आणि दार लावून घेतलं. माफ केलं की नाही ते काही सांगितलं नाही. शिकवलंय कुणी त्याला? मीच.

१० मार्च

डॉक्टरला हात दाखवला. मनगटात शीर दबलीय म्हणे. फार दिवसांची. कापून मोकळी करता येईल, पण गेलेलं बळ सगळं परत येईल असं नाही. मी विचारलं, "अंगठा?" तर म्हणाला, "आधी का नाही आलात?" माझ्या जिभेवर आलं होतं, लई हुशार आहेस. हिनं पायावर पाय दिला. म्हणून इथं लिहितो: लई हुशार आहे.

स्प्रिंगवाल्याला फोन केला. जुनीच तार दे म्हटलं, पहिल्यासारखी. "काका, तब्येत बरी आहे ना?" त्यानं विचारलं. मी इतका गोड बोललो होतो की तो घाबरला.

१७ मार्च

ताणकाटा आला. मला बघवत नाही. घुम्यानं तो भिंतीवर टांगला, नेमका जिथं मी बसतो तिथं समोर. जुनी तार, खाच न घासलेली, टोक पूर्ण जाड. चित्र मात्र माझंच, तेच, पाठीवर खटका. घुम्यानं एक बदल सुचवला: खटक्याच्या दोन्ही बाजूंना कड उचलून घ्यायची, म्हणजे कठडा, भिंत, काहीही घासलं तरी खटका कडांच्या आत लपलेला राहील, फक्त तळवाच आत पोचेल. हे त्यानं सबंध एका वाक्यात सांगितलं. मी म्हणालो, "हे आधी सुचलं असतं तर?" मग मीच म्हणालो, "हे मला सुचायला हवं होतं."

कडी आडवी लावून, पिळून, काट्यानं ओढून, कठड्यावर घासून बघितलं. घुम्या लटकला, मी लटकलो. दोघांचं वजन मिळून. उघडला नाही. हलला नाही.

१८ मार्च

पोरगी आली. मला वाटलं होतं येणार नाही. आली, खपली धरलेला हात घेऊन, आणि बाकावर बसली.

मी तिला नवा हूक दिला. तिनं हातात घेतला आणि तो माझ्यापुढे परत धरला. नेहमीसारखा. आधी बाबा दाबणार, मग ती घेणार. सवयच ती. तिच्या लक्षात आलं आणि ती हात मागे घेणार तेवढ्यात मी तो धरला.

तळवा खटक्यावर ठेवला. अंगठा जिभेवर. दाबला. सगळा जोर लावून दाबला, दात ओठ खाऊन दाबला. पोरगी बघत होती, घुम्या काट्याकडे बघायचं सोंग करत होता.

"मला उघडत नाही," मी म्हणालो.

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो. बोलायला अंगठ्यापेक्षा जास्त जोर लागला.

पोरीनं हूक घेतला. यावेळी मात्र तिनं तो तपासला. जीभ, खटका, कडा, रिव्हेट, सगळं. डोळ्यांजवळ धरून, नखानं खरवडून, मुकादमानं बांधलेल्या गाठीसारखं. मला ते बघताना फार वाईट वाटलं आणि मी तिला थांबवलं नाही. थांबवणारही नाही, कधीच. तिचं समाधान झाल्यावर तिनं तो एका हातानं उघडला आणि पट्ट्याला लावला. खट्.

"येते बाबा," ती म्हणाली. "दोन वाजता वर चढायचंय."

तिला फाटकापर्यंत सोडायला गेलो. फाटकाची कडी तिनंच काढली, मला विचारलंसुद्धा नाही. परत आलो तेव्हा घुम्यानं काट्याखाली पुढचा हूक लावला होता. मी बसलो आणि आकडा वाचून दाखवू लागलो.

आजचं हे सगळं डाव्या हातानं लिहिलंय. पहिलीतल्या पोराचं अक्षर आहे. चालतंय की, असं मी म्हणणार नाही. उद्या जरा नीट काढीन.